रास अल खोरची सवत

सरा, थोडं पुढं सरा. मागं भिंतीला टेकून बसलेल्यांनीही यावं, कारण ही गोष्ट मोठ्या आवाजात सांगण्यासारखी नाही. मांडीवरचं पोर झोपलं असेल तर झोपू द्या, मोबाइल पालथा घाला आणि कान माझ्याकडे द्या. आज मत्सराची कथा लावली आहे. सहा शत्रूंमधला हा सगळ्यात धाकटा, पण घरात शिरला की थोरल्या दिरासारखा हुकूम सोडतो. तरी आज मी त्याला शिव्या देणार नाही. का नाही, ते ऐकता ऐकता कळेल.

अजमानला, समुद्रापासून दोन गल्ल्या आत, हव्वाबी राहते. माहेर हर्णैचं, सासर दाभोळचं. नवरा खैरुद्दीन रास अल खोरला ट्रक दुरुस्तीच्या गॅरेजात हेड मेकॅनिक. रोज सकाळी दुबईच्या ट्रॅफिकात जायचं आणि मगरिबची अजान झाली की परतायचं. मुलगी फिझा बारावीला. ती मराठी ऐकते आणि इंग्लिशमध्ये उत्तर देते.

संसार बरा चालला होता. दोन वर्षांपूर्वी गिअरबॉक्स उचलताना खैरुद्दीनची कंबर गेली. पंधरा दिवस आडवा होता, मग उभा राहिला, कामाला लागला. त्याच्याच गावचा जमाल शेजारच्या शेडमध्ये सुटे भाग विकायचा. त्याने कसल्याशा गोळ्या दिल्या आणि कंबर गप्प झाली. हव्वाबीने जमालला दुआ दिली, डब्यातून सांदणं पाठवली. इतकंच तिला ठाऊक होतं.

मग हळूहळू माणूस बदलला. आधी रात्री कूस बदलून झोपायला लागला. मग जेवताना घास हातात धरून डोळे मिटायला लागला. घरी यायच्या आधी कपड्यांना ऊद लावायला लागला. आता तुम्हीच सांगा, दिवसभर ग्रीसमध्ये हात घालणारा माणूस संध्याकाळी ऊद कुणासाठी लावतो? हव्वाबीने एकदा त्याच्या शर्टाला नाक लावलं. उदाच्या खाली दुसरा एक वास होता, आंबट, जळका. हा कुणाच्या अंगाचा म्हणायचा?

"फिझा, अब्बा काही बोलतात का गो तुझ्याशी?"

"ही इज जस्ट टायर्ड, मम्मा."

"दमलेला माणूस अत्तर लावतो?"

"मे बी यू शुड आस्क हिम."

विचारायचं कसं? आपल्याकडे बायका नवऱ्याला तसलं तोंडावर विचारत नाहीत. त्या भांडी मोजतात. हव्वाबीच्या लक्षात आलं की फॉइल पुरत नाही. रोज ती नक्षीच्या कात्रीने फॉइल कापून त्यात तांदळाच्या भाकऱ्या बांधून द्यायची. पूर्वी एक गुंडाळी सहज महिना निघायची. आता आठवडा गेला न गेला की आतली पुठ्ठ्याची नळी हाती यायची. तिने फिझाला विचारलं, "शाळेच्या प्रोजेक्टला बिजेक्टला घेतेस काय?" फिझा म्हणाली, "आय ॲम नॉट इन थर्ड ग्रेड." म्हणजे राहिला कोण? माझ्या स्वयंपाकघरातलं जेवण, हव्वाबीच्या मनाने धरलं, बांधून कुणाच्या तरी ताटात जातंय. नवरा गेला तर गेला, पण माझ्या हातच्या भाकरीसकट?

त्यात रविवारचा मामला. सुट्टीच्या दिवशी खैरुद्दीन घरी, आणि घरी म्हणजे आजारी. सकाळी दहाला जांभया सुरू, नाकाडोळ्यांतून पाणी, अंगावर काटा, पाय झाडतोय, एका जागी बसवत नाही. हव्वाबी काढा करायची, कपाळावर हात ठेवायची. तो हात बाजूला करायचा. संध्याकाळी "गॅरेजला अर्जंट गाडी आलीय" म्हणून निघायचा आणि दोन तासांनी परत यायचा तो ठणठणीत, गोडबोल्या.

ती काय समजली असेल? माझ्यापाशी असला की आजारी, तिच्यापाशी जाऊन आला की बरा.

एक दिवस तो बाथरूममध्ये फोनवर बोलत होता. नळ सोडलेला, तरी दाराला कान लावला की दाभोळची बोली ऐकू येतेच. "ती आली का, जमाल? काल पण नाही आली. अंग तुटतंय माझं तिच्यापायी. ती आल्याशिवाय मला घरात बसवत नाही."

ती. आपली मराठी तरी कशी, बघा. साध्या पुडीलाही ती म्हणते आणि माणसाच्या बायकोलाही. हव्वाबीच्या छातीत तो एवढासा शब्द माशाच्या काट्यासारखा बसला. खैरुद्दीनने दुसरी केली. निकाह लावला असेल. जमाल साक्षीदार असेल, माझी सांदणं खाल्लेला.

शेजारच्या फ्लॅटमध्ये उर्मिलाताई राहायच्या, पनवेलच्या. दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला. त्यांच्याकडे सकाळी मोबाइलवर कीर्तन लागायचं आणि हव्वाबी पीठ मळता मळता दार किलकिलं ठेवायची. "तुमचे बुवा म्हणतात ते अर्धं कळतं," ती सांगायची, "पण गळा ऐकला की माझं पीठ मऊ होतं." त्या उर्मिलाताईंपाशी तिने मन मोकळं केलं.

"बघितलीस का तिला?" उर्मिलाताईंनी विचारलं.

"बघायला चाललेय."

"भांडायला?"

"पहिल्यांदा बघणार. मग तिचा चेहरा जसा असेल तसं ठरवणार."

सवतीसमोर मळक्या कपड्यात जाऊ नये. हव्वाबीने ईदचा अबाया काढला, डोळ्यांत सुरमा घातला, माहेरच्या बांगड्या चढवल्या. अजमानहून बस, पुढे दुसरी बस, शेवटी रास अल खोरच्या धुळीत टॅक्सी. मीटर बघून तिने मनात रुपये केले आणि म्हणाली, सवत महागात पडते.

दुपारची सुट्टी होती. शेडमध्ये कामगार पुठ्ठ्यांवर आडवे झाले होते. एक पठाण हेल्पर उठून म्हणाला, "भाभी? उस्ताद पीछे है, लाल गाडी में."

मागच्या आवारात इंजिन काढून ठेवलेला लाल ट्रक उभा होता. केबिनच्या काचांना आतून पुठ्ठे लावलेले. एका हाताने अबाया धरून हव्वाबी लोखंडी पायऱ्या चढली आणि दार ओढलं.

खैरुद्दीन एकटा बसला होता. मांडीवर फॉइलचा तुकडा, त्यावर काळी नागमोडी रेघ. हातात लायटर. ओठांत पेनाची रिकामी नळी.

हव्वाबीने त्याच्याकडे बघितलंच नाही. त्याच्या खांद्यावरून हात लांबवून तिने मागच्या बर्थचा पडदा सरकवला. तिथलं ब्लँकेट उचललं, झटकलं. वाकून सीटखाली बघितलं.

"कुठंय ती?"

"कोण?"

"फिझाचे अब्बा, मी दोन बस बदलून आलेय. आता तरी खोटं बोलू नका. कुठंय ती?"

त्याला कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा त्याचा चेहरा रडवेला झाला की हसरा, ते तिला सांगता येईना. मांडीवरचा फॉइल त्याने दोन बोटांत उचलून तिच्यासमोर धरला.

"हीच," तो म्हणाला. "दुसरी कोणी नाही, हव्वा. ती म्हणजे हीच."

आणि हव्वाबीच्या तोंडून काय निघालं सांगू? "अलहम्दुलिल्ला." बाई नाही, याचा आनंद. देव तिला क्षमा करो, आणि तिच्या जागी असलेल्या कुणालाही करो. मग तिची नजर त्या फॉइलवर गेली. कडेला तिच्या कात्रीची नक्षी होती. घरातून जात होतं ते जेवण नव्हतं.

ती त्याच्या शेजारच्या सीटवर बसली. खैरुद्दीनने सगळं सांगितलं. गोळ्या वाढत गेल्या, मग मिळेनाशा झाल्या, मग जमाल म्हणाला की हेही त्यातलंच आहे, फक्त ओढायचं. "आता मजा म्हणून नाही ओढत गो. नाही ओढली तर उभा राहता येत नाही."

"आणि रविवारी?"

"रविवारी तू समोर असतेस. तुझ्यासमोर नाही ओढत."

"म्हणून माझ्यासमोर आजारी."

"म्हणून."

बाई असती तर केस धरून ओढली असती, असं ती मागाहून उर्मिलाताईंना म्हणाली. हिला केसच नाहीत. हिला बापाचं घर नाही जिथे जाऊन तमाशा करता येईल. ही त्याच्या रक्तात राहते, आणि मी शेजारच्या सीटवर.

पोलिसांची भीती होतीच. कळलं तर नोकरी, व्हिसा, फिझाची शाळा, सगळं खलास. खैरुद्दीन म्हणाला, नॅशनल डेची लांब सुट्टी येतेय, घरीच सोडतो, कुणाला कळायला नको. हव्वाबी लगेच कबूल झाली. भीती हे एक कारण. दुसरं कारण तिने कुणाला सांगितलं नाही, पण तुम्हाला ते एव्हाना दिसलं असेल. तिला त्या दुसरीशी समोरासमोर कुस्ती हवी होती. माझं घर, माझा बिछाना, माझी पेज. बघू कोण जिंकतं.

तिने नवी चादर घातली. कुळथाची पिठी केली, तांदळाची मऊ पेज केली. फिझाला मैत्रिणीकडे पाठवलं. त्याचा फोन बंद करून स्वतःच्या कमरेला खोचला आणि दाराची किल्लीही. पहिल्या दिवशी जांभया आणि शिंका. तिला वाटलं, एवढंच? तेवढ्यात अंगातला खेळ सुरू झाला. पोटात मुरडा, वर-खाली दोन्हीकडून धार. पाय असे झाडायचा की पलंग भिंतीवर आपटायचा. थंडी म्हणून रजई घ्यायचा आणि आग होते म्हणून फेकायचा. पेजेचा चमचा तोंडाशी नेला की वासाने ओकारी. हव्वाबी पुसत होती, धूत होती, पुन्हा पुसत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने तिचा हात धरला. दोन वर्षांत पहिल्यांदा. तिची बोटं आपल्या ओल्या गालावर दाबली आणि इतक्या मायेने म्हणाला, जितक्या मायेने लग्नाच्या पहिल्या वर्षीही नव्हता बोलला, "हव्वा, माझी शहाणी हव्वा. एवढं कर. जमालला फोन लाव. एकदाच तिला आण."

तिने हात काढून घेतला. स्वयंपाकघरात जाऊन पेजेचं पातेलं तसंच्या तसं सिंकमध्ये उपडं केलं. तिचा हात धरला होता, पण दुसरीसाठी. एवढा अपमान तिला त्या ट्रकमध्येही वाटला नव्हता.

दारावर टकटक झाली. उर्मिलाताई. भिंतीपलीकडून सगळं ऐकू येत होतं.

"काय चाललंय?" आणि आत डोकावून, खैरुद्दीनला बघून, त्या एकच शब्द बोलल्या. "गर्द."

"तुम्हाला काय माहीत?"

"माझा पाठचा भाऊ गेला त्यात. पनवेलला. आईने असाच खोलीत कोंडला होता. सुटला, धावत गेला आणि नेहमीएवढीच ओढली. तोपर्यंत शरीराची सवय मोडलेली असते, हव्वाबी. श्वासच थांबला. याला दवाखान्यात ने."

"पकडतील."

"नाही पकडत. आवाज ऐकून मला शंका आलीच होती, म्हणून उपचार केंद्रात नाव न सांगता फोन करून विचारूनच आलेय. माणूस स्वतःहून उपचाराला गेला, किंवा त्याची बायको घेऊन गेली, तर केस होत नाही. इथला कायदाच तसा आहे."

हव्वाबीने कमरेची किल्ली आणखी घट्ट खोचली.

"मग आता काय अडलं?"

"मी करते ना सगळं. माझ्याकडे काय कमी आहे?"

उर्मिलाताईंनी तिला खुर्चीत बसवलं. "हे बघ, तुला राग येईल, येऊ दे. तू त्याला बरं करायला बसली नाहीस. तू जिंकायला बसलीस."

"सवतीला कोण सोडतं?"

"ही सवत असती तर मीच लाटणं घेऊन आले असते. हा रोग आहे. त्याच्या कमरेचं हाड मोडलं असतं तर ते तूच जोडलं असतंस का, डॉक्टर बाईवर जळून?"

आतून पुन्हा ओकारीचा आवाज आला, आणि त्यानंतर काहीच नाही. ते काहीच नाही हव्वाबीला सहन झालं नाही. ती धावली. खैरुद्दीन जिवंत होता, पण ओठ सुकून पांढरे पडले होते आणि डोळे खोल गेले होते. तिने कमरेची किल्ली काढून उर्मिलाताईंच्या हातात दिली. "यल्ला," ती म्हणाली. "गाडी बोलवा. फिझालापण फोन लावा."

उपचार केंद्रात त्याला लगेच सलाइन लावलं. डॉक्टर मरियम, तिथलीच अरब, तरुण, शांत. तिने इंग्लिशमध्ये विचारायला सुरुवात केली आणि फिझाला मधे बसावं लागलं. त्रास कधीपासून? खैरुद्दीनला नीट सांगता येईना. हव्वाबी सांगायला लागली. ऊद कधी सुरू झाला. घास हातात धरून झोपणं कधीपासून. रविवारचा आजार आधी संध्याकाळी यायचा, मग दुपारी, मग सकाळी दहाला. फॉइल किती दिवसांत संपायचा आणि कुठल्या महिन्यापासून लवकर संपायला लागला. डोळ्यांतल्या बाहुल्या कशा टाचणीच्या टोकाएवढ्या व्हायच्या. फिझा ऐकत होती आणि शब्दाला शब्द इंग्लिश करत होती, मधेच थांबून नाक पुसत होती.

डॉक्टरने लिहायचं थांबवलं. "तुम्ही इतकं बारीक कसं बघितलंत?"

"मला वाटलं, सवत आणलीय. डोळ्यांत तेल घालून बघत होते."

फिझा अडली. "सवत... इट्स लाइक... द अदर वाइफ."

डॉक्टर मरियम हसली, आणि हसू लगेच मागे घेतलं. "आमच्याकडे तिला दर्रा म्हणतात," ती फिझाला म्हणाली. "आईला सांग, नुकसानीचा शब्द आहे ना अरबीत, तोही त्याच मुळाचा. फार चुकल्या नाहीत त्या. त्यांनी बघितलं म्हणून औषधाचं प्रमाण ठरवायला सोपं जाईल."

म्हणून म्हटलं, मत्सराला मी शिव्या देणार नाही. दिवा हातात असो की कोलीत, उजेड पडतो. हात मात्र भाजतो, आणि हव्वाबीचा अजून भाजायचा होता.

जिभेखाली ठेवायच्या गोळीने खैरुद्दीनचं अंग थांबलं. भेटीच्या पहिल्या दिवशी ती पुन्हा सुरमा घालून गेली. बागेत बाकावर तो बसला होता आणि हसत होता. तिला बघून नव्हे. शेजारी बसलेल्या एका म्हाताऱ्याला बघून. पांढरी दाढी, मोठे हात, फुजैराच्या बंदरावर लाँचवर आयुष्य काढलेला बलूच. नाव वली. त्याचं व्यसन खैरुद्दीनच्या लग्नाहून जुनं.

"हे वलीचाचा," खैरुद्दीन म्हणाला. "पहिल्या दिवसांत मला झोप नव्हती ना, तर हे पाय चेपत बसायचे. आणि गायचे. नबींच्या स्तुतीचं गाणं, नात म्हणतात त्याला, एकच कडवं, पुन्हा पुन्हा. त्या आवाजावर मी तरून गेलो बघ."

झालं. हव्वाबीच्या छातीत तोच काटा. दोन दिवस मी पुसलं, धुतलं, त्याची आठवण नाही. परक्याने चार ओळी गायल्या तर तरून गेला. ती त्या दिवशी वलीशी धड बोललीही नाही. दुसऱ्या भेटीत खैरुद्दीनने पुन्हा वलीचाचांचंच पुराण लावलं, तेव्हा ती फाडकन म्हणाली, "मग त्यांच्याशीच संसार करा."

वली ते ऐकत होता. म्हणाला, "बेटी, मुझपे मत जल. मेरे पास तो जलने वाला भी कोई नहीं आता." चिडवण्याच्या सुरात बोलला, पण डोळे खाली होते. रिसेप्शनवरच्या माणसाने नंतर सांगितलं, या चाचांना भेटायला कधीच कुणी आलेलं नाही.

हव्वाबीने बसल्या जागी ओढणी सारखी केली. बरोबर आणलेलं आत द्यायला मनाई होती, म्हणून तिने तोंडानेच वाढलं: आमच्याकडे घावणे कसे करतात, नारळाचा रस कसा काढतात, सोबत बोंबलाचं कालवण. "बाहेर आलात की अजमानला या, चाचा. गरम घालीन."

"इन्शाल्ला," वली म्हणाला. मग तिने मागितलं म्हणून ते कडवं गायला. आवाज खरखरीत, श्वास मधेच तुटणारा. हव्वाबी मान खाली घालून ऐकत राहिली. पीठ मळताना ऐकते तशी.

खैरुद्दीन घरी आला. गोळी चालू आहे, तपासण्या चालू आहेत. गॅरेज बदललं, जमालचा नंबर गेला. एकदा पाय घसरलाच, पण त्या संध्याकाळी तो ऊद न लावता आला, दारातच उभा राहिला आणि म्हणाला, "हव्वा, ती आज भेटली मला." पूर्वी हे वाक्य जमालला मिळायचं, आता तिला मिळालं. तिने चप्पल घातली आणि दोघं सरळ केंद्रावर गेली. गाडीत ती रडली, तिच्या मते रागाने.

वली खैरुद्दीनच्या आधीच केंद्रातून बाहेर पडला होता. फुजैराला गेला म्हणतात. फोन लावला की बंद लागतो. एकदा दोघं बंदरापर्यंत जाऊन आली. लाँचवाल्यांनी खांदे उडवले. जिवंत आहे की नाही, व्यसनातून सुटला की पुन्हा अडकला, कुणाला ठाऊक नाही.

मगरिबनंतर खैरुद्दीन दुआला हात उचलतो तेव्हा पहिलं नाव वलीचं घेतो. हव्वाबी शेजारी नमाजाच्या मुसल्यावर असते. अजून तिला जरा खुपतं, खोटं कशाला सांगू. बायकोचं नाव दुसरं येतं. म्हणून ती काय करते, तर त्याच्याआधी हात उचलते आणि वलीचं नाव त्याच्याआधी घेऊन टाकते. पलीकडच्या घरात उर्मिलाताईही दिवा लावताना तेच नाव पुटपुटतात.

कथा इथे ठेवतो. तुमच्यातलं कोण निरांजन लावेल, कोण नमाजाला उभं राहील, कोण नुसतंच झोपताना डोळे मिटेल. त्यावेळी माझ्यासाठी एवढं करा: फुजैराच्या वलीची आठवण काढा. त्याच्यावर जळायला कोणी नव्हतं. निदान त्याचं नाव घ्यायला तरी कोणी असू दे.